चादरीत काय होतं?

गादीखाली चादर खोचताना माझ्या मधल्या बोटाचं टोक लुळं पडलं. डॉक्टर म्हणाले, "मॅलेट फिंगर. बोटाला सरळ ठेवणारी शीर टोकाशी तुटलीय. ६ ते ८ आठवडे पट्टी. मध्येच एकदा जरी वाकलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून." तेव्हापासून मी रिक्षावाल्यांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना ताठ मधलं बोट दाखवत फिरतोय.

पण खरा अपमान झाला तो ओपीडीच्या बाकावर. शेजारच्या काकांच्या पंजाला भलंमोठं बँडेज होतं.

"कशात गेलं?"

"चादरीत."

"चादरीत काय होतं?"

"काही नव्हतं. खोचत होतो."

"तुम्ही? मग वहिनी कुठे होत्या?"

आता वहिनींचा इथे काय संबंध? पण काका थांबेनात. ते स्वतः नारळ हातात धरून कोयता चालवताना जखमी झालेले, म्हणजे हुतात्माच. विळीवर बोट कापलेल्या काकूंना त्यांनी मान डोलावून दाद दिली, दारात बोट चेमटलेल्या पोराला गोळी दिली. रागाने भिंतीवर गुद्दा हाणून करंगळीमागचं हाड मोडून घेतलेल्या तरण्याला तर चक्क "वा!" म्हणाले. हातात २७ हाडं. त्यातलं एक स्वतःच्याच मूर्खपणाने मोडणारा शूर, आणि अंथरूण घालणारा मी विनोद! बाकावरचे सगळे हसले. तो गुद्देवालासुद्धा.

हसला नाही तो कोपऱ्यातला, भोसरीच्या एका वर्कशॉपमधला पोरगा. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली त्याची तर्जनी गेली होती.

"हात आत राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायची बटणं नव्हती मशीनला?" काकांनी विचारलं. निवृत्त कामगार पुढारी निघाले ते.

"होती. पण पायाच्या पेडलवर माल जास्त निघतो, म्हणून बंद करून ठेवलेली."

काकांनी कामगारांच्या भरपाईचा कायदा पाढ्यासारखा म्हटला. "अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधलं १२, करंगळी ७. कमाईची ताकद तेवढी गेली असं धरतात. अर्ज टाक."

"कुणावर टाकू? मालक म्हणतो ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार म्हणतो रजिस्टरला नावच नाही."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. बँडेज कुरवाळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"बरं, गादी कापसाची की फोमची?"