रेनबो कलरमॅपने डेटा जास्त दिसत नाही, चुकीचा दिसतो

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, की एमआरआय असो, सॅटेलाइट इमेज असो नाहीतर सिम्युलेशन, आकड्यांना निळ्यापासून लालपर्यंत इंद्रधनुष्याचे रंग दिले (म्हणजेच रेनबो कलरमॅप वापरला) की बारीकसारीक सगळं दिसायला लागतं, कारण ग्रेच्या छटा डोळ्याला थोड्याच कळतात आणि रंग मात्र लाखो. वाचताना पटतं पण मुद्दे एकेक करून बघा, एकही टिकत नाही.

आधी ते लाखो रंग. डोळा लाखो रंग ओळखतो हे खरंय, पण ह्यू (लाल, हिरवा, निळा यातला रंग कोणता), सॅच्युरेशन (तो किती भडक की फिका) आणि ब्राइटनेस (किती उजळ) तिन्ही धरून, आणि रेनबो कलरमॅप म्हणजे त्या सगळ्या पसाऱ्यातून काढलेली फक्त एक वेडीवाकडी रेघ. त्यात बारीक टेक्स्चर आणि कडा डोळा मुख्यतः ब्राइटनेसवरूनच पकडतो. जेपेग याचाच फायदा घेतं, ब्राइटनेस पूर्ण रिझोल्युशनमध्ये ठेवायचा आणि रंगाची माहिती बऱ्याचदा आडवी-उभी निम्मी करून टाकायची, तरी फोटो बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मग बारीक डिटेल दाखवायचं काम नुसत्या ह्यूवर का टाकायचं?

पोस्टमधला दुसरा दावा, 'रंग डेटात जे आहे तेच दाखवतात'. इथेच सगळ्यात मोठा घोळ आहे. स्क्रीनवरच्या ब्राइटनेसमध्ये हिरव्याचा वाटा साधारण 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7, त्यामुळे जेट या जुन्या रेनबो कलरमॅपमध्ये ब्राइटनेस गडद निळ्यापासून वर चढतो, सायन आणि पिवळ्याला झगझगतो आणि गडद लालला परत खाली येतो. आकडे अगदी एकसारखे वाढत असले तरी पिवळ्याच्या जागी पट्टा उठून दिसतो आणि आपल्याला वाटतं तिथे काहीतरी आहे. उलट हिरव्याच्या भागात खरा फरक असला तरी सगळं सपाट. खात्री करायची तर नुसता 0 ते 1 असा एकसारखा चढत जाणारा डेटा (रॅम्प) जेटमध्ये प्लॉट करा, नसलेल्या कडा लगेच दिसतील. आणि प्लॉट ग्रेस्केल केला तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त व्हॅल्यू दोन्ही काळपट!

'तज्ज्ञांना सवय असते' हेही चालणार नाही. हार्वर्डमध्ये 2011 साली हृदयाच्या धमन्यांच्या चित्रांवर अभ्यास झाला, त्यात 2डी चित्रात रेनबो वापरून धोक्याच्या जागा सरासरी 62 टक्के सापडल्या आणि कलरमॅप बदलल्यावर 91 टक्के. डेटा तोच, फक्त रंग बदलले, आणि हा रोगनिदानाचा प्रश्न आहे, चित्र छान दिसण्याचा नाही.

आलेख काढायच्या सॉफ्टवेअरनीही जेट सोडलाय: मॅटलॅबने 2014 मध्येच डिफॉल्ट जेट काढून पारुला नावाचा कलरमॅप आणला, मॅटप्लॉटलिबने 2017 च्या 2.0 व्हर्जनमध्ये विरिडिस. विरिडिस मुद्दाम असा बनवलाय की आकडा एका पायरीने वाढला की डोळ्यालाही साधारण तेवढीच पायरी जाणवावी, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांनाही वाचता यावा.

मग ह्यू कधीच वापरायचा नाही का? तर वापरायचा की. फेज (लाट तिच्या चक्रात कुठे आहे तो कोन), वाऱ्याची दिशा, असा गोल फिरून परत येणारा डेटा असेल तिथे ह्यूचं चक्र एकदम फिट बसतं, फक्त ब्राइटनेस शक्य तितका सारखा ठेवायचा. कॉम्प्लेक्स नंबर (ज्यांना लांबी आणि कोन दोन्ही असतात) असतील तर फेजला, म्हणजे कोनाला, ह्यू आणि मॅग्निट्यूडला, म्हणजे लांबीला, ब्राइटनेस द्यायचा. पण तिथेही जेट नको, कारण 359 डिग्री आणि 1 डिग्री एकमेकांना खेटून असूनही एक गडद लाल दिसणार आणि एक गडद निळा.