सत्ता आपली असताना पुराणमतवादी राहता येतं का?

हल्ली पुराणमतवादी ठरणं फार सोपं झालंय. चार-पाच ठरलेल्या विषयांवर ठरलेल्या बाजूनं संतापायचं, बस्स. त्या हिशेबानं जगात पुराणमतवाद्यांचा सुकाळ आहे. पण राजकीय पुराणमतवाद ही निर्णय घेण्याची एक शिस्त आहे असं मानलं, तर यादी झपाट्यानं आखडते. शिस्त अशी की, चालू व्यवस्था बदलायची असेल तर ती का बदलायची हे पटवून देण्याची जबाबदारी बदल मागणाऱ्यावर. बदल मागणारे आपलेच लोक असले तरी सूट नाही. विरोधी बाकांवर सगळेच सावध असतात. खरा कस लागतो तो बहुमत हातात आल्यावर.

या परंपरेत पहिलं नाव अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार एडमंड बर्क याचं घेतात. (तो हुजूर म्हणजे पुराणमतवादी पक्षाचा नव्हता, त्यांच्या विरोधातल्या व्हिग गटाचा होता, हे त्याचं नाव घेणाऱ्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.) 1790 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडलेल्या याच माणसानं आधी अमेरिकन वसाहतींची बाजू घेतली होती आणि ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा महाभियोगही चालवला होता. यात विसंगती शोधणाऱ्यांना त्याचा मुद्दाच कळला नाही. सत्ता राजाची असो, कंपनीची असो की जमावाची, ती मोकाट सुटता कामा नये, एवढंच तो वेगवेगळ्या प्रसंगी सांगत होता. ज्या राज्यात बदलाची सोय नाही, त्याला स्वतःला टिकवण्याचीही सोय नाही, हेही त्यानंच लिहून ठेवलंय.

ही शिस्त मोडली की काय होतं, यासाठी मला ब्रिटनमधला पोल टॅक्स, म्हणजे माणशी सरसकट कर, सगळ्यात बोलका वाटतो, कारण तो मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर सरकारनं आणला. तिथली जुनी घरपट्टी घराच्या अंदाजित भाड्यावर बसायची. तिच्याविरुद्धच्या तक्रारी खऱ्या होत्या. एकटी राहणारी विधवा आणि शेजारच्या तशाच घरातले चार कमावते सारखीच पट्टी भरत. उपाय म्हणून प्रत्येक प्रौढामागे एक सरसकट रक्कम ठरवली. कागदावर तर्क चोख. पण जुनी पट्टी गाजावाजा न करता दोन कामं करत होती, ती कुणी नीट मोजली नाहीत. एक म्हणजे मोठ्या घरवाल्याकडून ती जास्त घेत होती. दुसरं म्हणजे घर जागचं हलत नाही, त्यामुळे वसुली सोपी होती. माणूस पत्ता बदलतो, यादीतून नाव गाळून घेतो, आणि त्याला शोधायचा खर्च स्थानिक संस्थेच्या माथी येतो. गरिबांना सवलत होती, पण किमान 20 टक्के भरावेच लागत. म्हणजे अशा असंख्य छोट्या थकबाक्या, ज्यांच्या वसुलीचा खर्चही निघणं कठीण.

सर्वांत मोठी चूक मात्र वेगाची. मूळ आराखड्यात जुनी पट्टी उतरवत नेत नवा कर चढवायचा आणि काही वर्षं दोन्ही बरोबरीनं चालवायचे, अशी तरतूद होती. उत्साहाच्या भरात तीच काढून टाकली. एप्रिल 1989 मध्ये स्कॉटलंडात आणि एप्रिल 1990 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये कर एका झटक्यात लागू झाला. इंग्लंडमध्ये लागू होण्याच्या आदल्या दिवशी, 31 मार्चला, लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात दंगल झाली. त्याच वर्षी थॅचर पायउतार झाल्या. 1991 मध्ये या कराची बिलं खाली आणायला लागणारा पैसा उभा करण्यासाठी व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, 15 वरून 17.5 टक्के करावा लागला आणि 1993 मध्ये कर पुन्हा घराच्या किमतीवर आला. इतिहासातल्या सर्वांत नावाजलेल्या पुराणमतवादी पंतप्रधान, आणि त्यांची सर्वांत महागात पडलेली चूक अगदी क्रांतिकारकांच्या धाटणीची!

म्हणून पहिली तपासणी ही, की मोडायला निघालेली गोष्ट आज कोणती कामं करते, त्यातली न लिहिलेली धरून. दुसरी, चूक झाली तर परत फिरता येईल का? परतीची वाट जितकी अवघड, तितका होकार मोठा हवा. 1979 मध्ये स्कॉटलंडला स्वतःचं विधिमंडळ देण्यावर कौल घेतला, तेव्हा एकूण मतदारांपैकी 40 टक्क्यांच्या पाठिंब्याची अट होती. मत देणाऱ्यांतले 51.6 टक्के ‘हो’ म्हणाले, पण एकूण मतदारांत ते 32.9 टक्केच भरले आणि प्रस्ताव बारगळला. 2016 मध्ये युरोपीय संघ सोडण्याचा, त्याहून कितीतरी मोठा प्रश्न हुजूर सरकारनं विचारला, तेव्हा अशी कुठलीच अट नव्हती. निकाल 51.9 विरुद्ध 48.1. संघ सोडावा की नाही यावर अस्सल पुराणमतवादी दोन्ही बाजूंना होते आणि ते समजण्यासारखं आहे. एकाला संसदेचं सार्वभौमत्व जपायचं होतं, दुसऱ्याला चाळीसेक वर्षांत रुळलेली घडी. पण सोडायचं म्हणजे नेमकं काय, हे न ठरवता साध्या बहुमतावर कौल घेणं, याला पुराणमतवादी रीत कुठल्याच बाजूनं म्हणता येत नाही.

तिसरी तपासणी फुकटात होते आणि म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. मागत असलेला अधिकार तुम्हाला सर्वांत नकोशा नेत्याच्या हाती गेला आहे असं समजायचं, आणि मग पुन्हा विचार करायचा. अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या 100 जणांच्या वरिष्ठ सभागृहात, नेमणुकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायला 60 मतं लागत. 2013 मध्ये डेमोक्रॅट्सनी सर्वोच्च न्यायालय वगळता बाकी नेमणुकांसाठी ही अट साध्या बहुमतावर आणली. 2017 मध्ये रिपब्लिकनांनी उरलेला अपवादही काढून टाकला. पाठोपाठ नील गोर्सच 54-45, ब्रेट कॅव्हनॉ 50-48 आणि एमी कोनी बॅरेट 52-48 अशा मतांनी सर्वोच्च न्यायालयात गेले. रिपब्लिकनांनी पेढे वाटले. दोन्ही पक्षांना मान्य होईल असा न्यायाधीश शोधायला भाग पाडणारी रीत गेली, याचं दुःख त्यांच्यातल्या किती पुराणमतवाद्यांना झालं? आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, इतकंच धोरण असेल तर त्याला पक्षनिष्ठा म्हणावं.

संस्था आडव्या येतात म्हणून त्यांना वळसा घालणं हा आजच्या उजव्यांचा लाडका छंद आहे. त्याचं बिल कधी कधी लगेच येतं. 23 सप्टेंबर 2022 ला लिझ ट्रस सरकारनं सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, तीही अर्थसंकल्पाची स्वतंत्र छाननी करणाऱ्या कार्यालयाचा अंदाज न घेता. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले. त्या रोख्यांवर भिस्त ठेवून उधारीचे व्यवहार केलेल्या पेन्शन फंडांकडे जादा तारण मागितलं गेलं, ते उभं करायला त्यांनी रोखेच विकायला काढले आणि भाव आणखी पडले. 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंडला 65 अब्ज पौंडांपर्यंत रोखे विकत घेण्याची तयारी जाहीर करावी लागली. 20 ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा दिला. करकपात चांगली की वाईट हा वाद वेगळा. छाननी टाळली, हा संदेश बाजारानं आधी वाचला.

मुदतबंद कायदे हा पुराणमतवाद्यांचा जुना उपाय. कायद्यात त्याच्या संपण्याची तारीख घालायची. पण नुसती तारीख घालून भागत नाही. दहशतवादाच्या तपासासाठी सरकारला पाळतीचे जादा अधिकार देणाऱ्या अमेरिकेच्या 2001 च्या पॅट्रियट कायद्यात 16 कलमं 2005 अखेर संपणार होती. 2006 मध्ये त्यातली 14 कायम झाली. मुदत येते तोवर यंत्रणेला अधिकाराची सवय लागते आणि नूतनीकरण एकगठ्ठा होतं. तारखेसोबत तीन गोष्टी लिहून घ्यायला हव्यात: प्रत्येक कलमावर वेगळं मतदान, अधिकार वापरणाऱ्या खात्याबाहेरच्या कुणाचा तरी अहवाल, आणि मतदान झालंच नाही तर कलम आपोआप रद्द.

बाजारपेठेबद्दल थोडक्यात. 1980 च्या दशकापासून पुराणमतवाद आणि मुक्त बाजार हातात हात घालून चालतात, पण ही सोयरीक अवघडच. वस्त्या, व्यवसाय, कुटुंबाच्या रीती उलथवण्यात बाजाराइतका वाकबगार दुसरा कोणी नाही. दोन्ही हवं असेल तर कुठे थांबायचं ते बोलावं लागतं, आणि तिथे बहुतेकांची वाचा बसते.

आता या शिस्तीवरचा सर्वांत जड आक्षेप, आणि तो टाळणाऱ्यांना मी गंभीरपणे घेत नाही. सावकाश जायचं ठीक, पण तोवर भोगायचं कुणी? ब्रिटिश संसदेनं 1833 मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. सगळं अगदी सावध, टप्प्याटप्प्यानं. मालकांना 2 कोटी पौंड भरपाई, गुलामांना शून्य. वर ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली पूर्वीच्याच मालकाकडे काही वर्षं आठवड्याला 45 तासांपर्यंत बिनपगारी राबणं. शेतमजुरांसाठी ही मुदत 1840 पर्यंत होती. गैरप्रकार इतके उघड झाले की 1838 मध्येच ती गुंडाळावी लागली. इथे संथपणाचा सगळा खर्च ज्यांना मतच नव्हतं त्यांच्यावर टाकला होता. माझ्या मते अशा ठिकाणी सिद्ध करण्याची जबाबदारी उलटते. जो थांबा म्हणतो त्यानं सांगावं की का, किती दिवस, आणि त्या दिवसांची भरपाई कुणाला.