कॅरोलच्या बॅनरवर कुणाचं नाव आधी?

आजची मीटिंग अर्ध्यात सोडून आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या वेगवेगळ्या चर्चच्या मंडळ्यांनी यंदा नाताळची गाणी म्हणत एकच कॅरोल फेरी काढायची, एवढाच विषय होता. बराच वेळ गेला बॅनरवर कुणाचं नाव आधी यात. मग संदेश कोण देणार यात. आणि मग ज्यांना मी लहानपणापासून अंकल म्हणते, त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "त्यांचा बाप्तिस्मा शिंपडून झालाय, त्यांच्यासोबत स्टेजवर आपण कसं उभं राहायचं?" काही चर्चमध्ये बाप्तिस्मा पाणी शिंपडून देतात, काहींत पाण्यात बुडवून, त्यावरून हे. आणि ती माणसं समोरच बसली होती हो! एका सिस्टरांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

मला तिथे पप्पा आठवले.

एप्रिल २०२१. पप्पा कोरोनाने गेले तेव्हा मी आणि आई दोघी पॉझिटिव्ह, घरात कोंडलेल्या. आमचे पाळक स्वतः ॲडमिट. पप्पांना मातीत ठेवलं ते चार पोरांनी. दोन पेंटेकॉस्टल, एक कॅथलिक, एक आमच्याच चर्चचा. त्यातल्या एकाने आम्हाला व्हिडिओ कॉल लावला, पण हातमोज्यामुळे स्क्रीन चालेना. त्याने मोजा काढून टाकला. त्या दिवसांत, त्या जागी! आई इकडून ओरडतेय, "बाळा, नको काढू," आणि तो म्हणतोय, "काकू, तुम्ही बघा फक्त." तो बुडून बाप्तिस्मा घेतलेला होता की शिंपडून, हे मला आजही माहीत नाही.

अंकल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तर आपल्या वडीलधाऱ्यांनी कधीच देऊन ठेवलंय. १९२९ पासून चाळीस वर्षं बोलणी करून २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठेपणीच घ्यावा म्हणणारे बाप्टिस्टही होते. दोन्ही रीती ठेवल्या. आणि आपल्याला एक बॅनर जमत नाही?

शिकवणीत फरक आहेत, मान्य. प्रभुभोजनाबद्दल, मरियेबद्दल आपलं एकमत नाही आणि कॅरोल गाऊन ते होणारही नाही. ठीक आहे. पण बायबलात पौलाने करिंथच्या मंडळीला झापलं ते नेमकं कशावरून? मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, यावरूनच ना? आणि येशूने धरून दिलं जाण्याच्या रात्री आपल्यासाठी मागितलं काय, तर त्या सर्वांनी एक व्हावं. हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मी सांगायला नको.

आपण नाशिकचे आहोत म्हणून जास्त लागतं मला. शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन मिशनच्या शाळेत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा मृतदेह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत या आपल्या शाळेची मुलं होती. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे त्या देहासोबत लंडनपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा दिला. लिव्हिंग्स्टन मुळात लंडन मिशनरी सोसायटीतून आलेले, ही मुलं अँग्लिकन शाळेतली. त्या जंगलात कुणी विचारलं असेल का, हा आपल्या मिशनचा आहे का म्हणून?

पप्पांच्या वेळीही कुणी विचारलं नाही. माती लोटून झाल्यावर त्या पोरांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं. कारण चौघांनाही येणारं तेवढंच होतं. रेव्हरंड टिळक होते अमेरिकन मराठी मिशनचे, पण त्यांची भजनं आज कुठल्या चर्चमध्ये म्हणत नाहीत? किटच्या आतून आवाज घुसमटत होता, एकाचा सूर भलतीकडेच चालला होता. आई पलंगावर बसून त्यांच्याबरोबर गात होती. खोकत खोकत गात होती.

हे लिहिताना राग थोडा उतरला. अंकल वाईट नाहीत. पप्पांच्या आजारपणात रोज फोन करणारे तेच होते. त्यांना भीती वाटते की सगळे एकत्र आले की आपली मंडळी विरघळून जाईल, तरुण पोरं गिटारवाल्या चर्चकडे जातील. जातातही काही, खोटं कशाला बोलू. पण म्हणून समोर बसलेल्या माणसाचा बाप्तिस्मा काढायचा? नाही अंकल. हे मी ऐकून घेणार नाही, तुमच्याकडूनही नाही.

मी ग्रुपवर टाकलंय, इथेही टाकते. बॅनर छापायचाच नाही. संदेश नको, लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, तेवढा वाचायचा आणि तो संडे स्कूलच्या मुलांनी वाचायचा. शनिवारी सहा वाजता आमच्या घरी तालीम आहे. पेटी आमची आहे, ढोलकी कुणीतरी आणा. त्या सिस्टरांना मी आत्ताच फोन केलाय, त्या येतायत. अंकल, तुम्हालाही उद्या सकाळी करते. गाण्यातला बास, तो खालचा जाड आवाज, तुम्हीच म्हणायचाय, दुसरा कुणी नाही आपल्याकडे.