चार सीएफएम म्हणे!

रविवारची अख्खी सकाळ गेली आणि गेटचे चार वेल्डसुद्धा घासून झाले नाहीत. नवाकोरा चार इंची एअर ग्राइंडर, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारा, हवा पुरवायला एक एचपीचा कॉम्प्रेसर, पन्नास लिटरची टाकी. दांडी दाबली की टाकीच्या दाबाचा काटा चाळीस सेकंदांत आठ बारवरून पाचवर. चाक वेल्डला टेकवलं की गळपटतं. मग टाकी भरेपर्यंत दोन मिनिटं ती धडधड ऐकत उभं राहायचं. परत चाळीस सेकंद. परत दोन मिनिटं. डोकं फुटायची वेळ आली!

दुकानात मी दोनदा विचारलं होतं, एक एचपीवर चालेल का? "चालतंय की साहेब, चारच सीएफएम लागते, खोक्यावर लिहिलंय." लिहिलंय खरं. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. पण ते चार म्हणजे सरासरी! मिनिटातले पंधरा सेकंद चालवायचं आणि पंचेचाळीस सेकंद हातात धरून बसायचं, या हिशोबानं काढलेली. सलग चालवायचा तर सोळा लागते. सोळा! कोण घासतं हो पंधरा सेकंद? आणि कॉम्प्रेसरवाल्याची तऱ्हा उलटी. त्याच्या प्लेटवर पाच, म्हणजे पिस्टन ओढतो ती हवा. टाकीतून हाताला लागते तीन-साडेतीन. खाणाऱ्याची भूक कमी लिहायची, वाढणाऱ्याचा हात सढळ दाखवायचा, आणि मधे उपाशी कोण? घरी काम करणारा माणूस. ही सरळ फसवणूक आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्र्यांत फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, हवेवरचे ग्राइंडर असतात आणि तिथं ते उत्तमच आहेत. हलके, दिवसभर चालवा तापत नाहीत, अडकले तरी जळत नाहीत. पण त्यांच्यामागे थ्री फेजचा स्क्रू कॉम्प्रेसर असतो, हवेतलं पाणी काढणारा ड्रायर असतो. माझ्यामागे घरचं सिंगल फेज मीटर. दिलेल्या विजेतले दहा-पंधरा टक्केसुद्धा चाकापर्यंत मुश्किलीनं पोचतात, बाकीची वीज टाकी गरम करण्यात आणि आवाजात जाते. त्यात पावसाळा. टाकीत पाणी साचतं, ते मनगटावर उडतं. आतल्या पात्या गंजू नयेत म्हणून रोज तेलाचे थेंब टाका, आणि तेच तेल घासलेल्या लोखंडावर फवारलं जातं. त्यावर रेड ऑक्साइडचा रंग धरेल का?

साडेआठशे वॅटचा साधा इलेक्ट्रिक ग्राइंडर अडीच-तीन हजारांत येतो. मिनिटाला अकरा हजार फेरे, बटण दाबलं की काम सुरू. हे कुणी तोंडानं सांगत नाही. हां, तिथंही छळ आहेच. मोटरचे कार्बन ब्रश झिजले की नेमके त्याच मॉडेलचे मिळत नाहीत, मिळतील ते कानशीनं घासून बसवा.

शेवटी शेजाऱ्यांकडून त्यांचा इलेक्ट्रिक आणला, तर चाकावरचा गार्ड गायब! पाच इंची चाक बसावं म्हणून काढून टाकलाय. चाक फुटलं तर तुकडा तोंडावर येतो, हे यांना किती वेळा सांगायचं? आमच्या ओळखीतल्या एकाच्या गालावर तो व्रण आहे, तरी हेच. मी हातही लावला नाही, तसाच परत दिला.

उद्या दुकान उघडायच्या आधी तिथं उभा असणार आहे. खोकं सोबत नेतोय. त्यांच्याच एक एचपीवर लावून, काउंटरसमोर सलग पाच मिनिटं लोखंड घासून दाखवा म्हणणार. नाही घासलं तर पैसे घेतल्याशिवाय हलणार नाही.