कोंडा आणि ‘लपवलेलं सत्य’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कोंड्यावरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की ‘संसर्ग’ हा शब्द चुकीचा आहे, औषधी शॅम्पू बंद केला की कोंडा परत येतो, मग तो उपाय कसला, आणि लेख उगाच लांबला आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय : “नीट डोकं धुणाऱ्या माणसाला कोंडा होतच नाही, हे साधं सत्य लेखिकेने सोयीस्करपणे लपवलं आहे. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला मी रोज खसाखसा घासून डोकं धुवायला लावतो.”

पहिलं मान्य. मॅलासेझिया हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी, जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या टाळूवर राहतंच, आणि कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ‘संसर्ग’ म्हणायला नको होतं. शब्द काढून टाकला आहे.

आता ‘लपवलं’ या शब्दाबद्दल. चूक दाखवली तर मी दुरुस्त करते, ती आत्ताच केली. पण लपवलं म्हणणं म्हणजे माझ्या हेतूवर शंका घेणं, आणि तेही ‘सोयीस्करपणे’. कोणाच्या सोयीसाठी? मी शॅम्पू विकत नाही, एकाही कंपनीचं नाव लेखात नाही. डोकं नियमित धुतल्याने तेल आणि पापुद्रे कमी होतात, कोंडा आटोक्यात राहायला मदत होते, यावर लेखात अख्खा परिच्छेद आहे. तो न वाचताच तुम्ही निकाल देऊन मोकळे झालात.

धुतल्याने फायदा होतो, हे खरं. पण म्हणून ज्याला कोंडा आहे तो धूतच नाही, असं होत नाही. तुमच्या त्या एका वाक्याने मी किती वर्षं मागे गेले, ते सांगते.

मी तेरा वर्षांची होते. गडद निळा स्वेटर घातला होता. मागच्या बाकावरच्या मुलीने माझ्या खांद्यावरचा पांढरा कण बोटाच्या टोकावर उचलला आणि शेजारणीला दाखवला. दोघी हसल्या. शिक्षिकेने सगळ्या वर्गासमोर विचारलं, “केस धूत नाहीस का गं?” मी धूत होते, रोज धूत होते. त्या दिवसापासून दिवसातून दोनदा धुवायला लागले, नखांनी घासून. कानामागे सोललं जायचं, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. कोंडा गेला नाहीच, वर टाळूची आग. पुढे कॉलेजची तीन वर्षं मी एकही गडद कपडा घेतला नाही.

शेवटी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी टाळू बघायच्या आधी माझे हात हातात घेऊन नखं बघितली. म्हणाल्या, “आधी ही काप.” मग विचारलं, “शॅम्पू डोक्यावर किती वेळ ठेवतेस?” मी म्हटलं, फेस आला की लगेच धुते. त्यांनी 2 टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शॅम्पू लिहून दिला : केसांना नाही, टाळूला लावायचा, घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवायचा, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सहा वर्षांत “तू अस्वच्छ नाहीस” असं मला सांगणारी ती पहिली व्यक्ती.

का नाही, तेही ऐका. मॅलासेझियाला लागणारी स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड्स) स्वतः बनवता येत नाहीत. आपल्या तेलग्रंथींतून येणारं सीबम फोडून ते हवं ते घेतं आणि ओलेइक आम्लासारखी काही आम्लं टाळूवर सोडतं. ती काहींच्या त्वचेला सोसतात, काहींच्या नाही. जिला सोसत नाहीत ती त्वचा घाईने पेशी टाकू लागते, आणि एरवी न दिसता झडणाऱ्या पेशी पुंजक्यांनी सुटतात. हेच ओलेइक आम्ल प्रयोगात लोकांच्या टाळूला लावलं, तेव्हा ज्यांना आधीपासून कोंड्याचा त्रास होता त्यांच्या डोक्यावर पापुद्रे आले, बाकीच्यांच्या नाही. आम्ल तेच, फरक त्वचेचा. यात आळस कुठे आला?

शॅम्पू बंद केल्यावर कोंडा परत येतो? येतो. म्हणूनच आटोक्यात आल्यावरही आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा वापरत राहायचं, हे लेखाच्या शेवटी आहे. आणि लेख लांब वाटला असेल तर तो वाचायचं बंधन कोणावरही नव्हतं.

उत्तर न देता सोडून देणार होते. तुमचा मुलगा चौदाचा आहे, हे वाचून थांबले. वयात येताना संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जोरात कामाला लागतात, म्हणूनच कोंडा बहुतेकांना याच सुमाराला सुरू होतो. तो काहीही चुकीचं करत नाहीये. त्याचं खसाखसा घासणं आधी थांबवा. बोटांच्या पेरांनी हलकेच चोळू दे, कोंड्याचा शॅम्पू पाच मिनिटं राहू दे. महिनाभरात फरक पडला नाही, खपल्या जाड आणि चंदेरी असल्या, कपाळाकडे केसांच्या रेषेबाहेर आल्या किंवा केस तुटून चट्टे दिसले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ते काहीतरी वेगळं असू शकतं.

आणि आज तो डोकं धुऊन आला की त्याच्या कानामागे एकदा बघा.