पीएलएमचा शेअर घ्यायचाय? आधी ड्रॉइंगचं रिव्हिजन बघा

नोव्हेंबर २०२३ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजचा आयपीओतला ५०० रुपयांचा शेअर बाजारात १२०० ला उघडला, तेव्हापासून नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या टपरीवरही "पीएलएममधला (प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट, म्हणजे कारखान्यांच्या डिझाइनचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) कुठला शेअर घेऊ?" असं विचारणारे भेटतात. घ्या की! पण काय घेताय ते तरी बघा.

आमच्याकडच्या एका वर्कशॉपमधून गेलेला ब्रॅकेटचा अख्खा लॉट परत आला. मशीनशेजारी चिकटवलेलं ड्रॉइंग रिव्हिजन (आवृत्ती) 'बी'चं, गिऱ्हाइकाकडे 'सी' लागू झालेलं. दोन भोकांमधलं अंतर बदललं होतं, बाकी काही नाही. माल भंगारात. हा घोळ टाळायला मॉडेल, बीओएम (लागणाऱ्या सुट्या भागांची यादी), प्रत्येक बदल आणि तो कोणी मंजूर केला, हे सगळं एका जागी ठेवतं ते पीएलएम. सीमेन्सचं टीमसेंटर, पीटीसीचं विंडचिल, दसॉचं एनोव्हिया ही त्यातली मोठी नावं.

एकदा हा डेटा आत गेला की सॉफ्टवेअर बदलणं महाकठीण. मिग-२१ हवाई दलात १९६३ ला आलं आणि सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. नाशिकजवळच्या ओझरचा एचएएल कारखाना त्याच्याच उत्पादनासाठी उभा राहिला. आज असं विमान बनवायला घेतलं तर इतकी वर्षं त्याचे सुटे भाग आणि दुरुस्त्या सांभाळणारी सिस्टीम मधेच कोण फेकून देईल? या धंद्यातला खरा पैसा इथे आहे.

आणि तो पैसा टाटा टेक्नॉलॉजीजकडे फारसा जात नाही. ती मुख्यतः इंजिनिअरिंग सेवा विकते, दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर विकणं हा जोडधंदा. वाहन कंपन्यांनी हात आखडला की तिला लगेच झळ बसते. (शिवाय तो आयपीओ पूर्णपणे ऑफर फॉर सेल, म्हणजे जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकण्याचा होता, त्यातला पैसा कंपनीत आलाच नाही.) या सॉफ्टवेअरचे खरे मालक परदेशात: पीटीसी आणि ऑटोकॅडवाली ऑटोडेस्क अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात, राफेलवाल्या दसॉमधून १९८१ ला निघालेली दसॉ सिस्टीम्स पॅरिसला. जर्मनीच्या सीमेन्सचा शेअर घेतलात तर सॉफ्टवेअरसोबत रेल्वेही पदरात पडते.

यांचे आकडे वाचतानाही गफलत होते. ऑटोडेस्कने २०१६ ला कायमची लायसन्सं विकणं थांबवून वर्गणी सुरू केली, तेव्हा उत्पन्न घसरलं आणि तोटा वाढला. धंदा बुडत नव्हता, एकरकमी येणारे पैसे आता हप्त्याहप्त्याने येत होते. म्हणून मी तिमाही नफ्याआधी दरवर्षी पुन्हा येणारं उत्पन्न वाढतंय का ते बघतो.

पीटीसी आणि ऑटोडेस्क डिव्हिडंड देत नाहीत, त्यामुळे अमेरिकेत त्यावर कापल्या जाणाऱ्या कराची भानगड नाही. डॉलरचा भाव आणि आयटीआरमधलं शेड्यूल एफए (परदेशी मालमत्ता दाखवायचा तक्ता) मात्र आहेच, ते सीएला आधी विचारून घ्या.