भाषाविज्ञान कानाला सांगायचे असते

मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर ४४ अंशांचे ऊन असताना, मी नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी कूलर बंद करून, कपड्यांच्या उघड्या कपाटात तोंड घालून 'च' या एका अक्षराबद्दल बोलत होते. कूलर सुरू ठेवला तर त्याच्या घरघरीत शब्द बुडतात आणि बंद केला तर दहा मिनिटांत हातातला कागद घामाने भिजतो. लटकणारे कपडे आवाजाचे पडसाद शोषून घेतात, म्हणून कपाट. गेली दोन वर्षे मी आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी भाषेवर पॉडकास्ट करतो आहोत, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. सामान्य वाचकाला भाषाविज्ञान कळत नाही, अशी जी तक्रार आम्ही शिकवणारी मंडळी नेहमी करतो, तिच्यातली खरी अडचण 'वाचक' या शब्दाची आहे.

'एक, दोन, तीन, चार' असे मोठ्याने म्हणा आणि लगेच 'गाईला चारा चार' असे म्हणा. पहिल्या वेळी जिभेचा पसरट भाग टाळूला टेकतो, दुसऱ्या वेळी तिचे टोक वरच्या दातांच्या मागे जाते. 'तो शाळेत जात आहे' यातला 'ज' आणि 'जातीचा दाखला' यातला 'ज' यांचेही तसेच. घरात मराठी ऐकत वाढलेल्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही, मात्र मोठेपणी मराठी शिकणारा माणूस येथे हटकून अडखळतो, कारण देवनागरीत दोन्हींना चिन्ह एकच आहे. वर्गात हा भेद मी फळ्यावर 'तालव्य' आणि 'दंततालव्य' असे दोन रकाने पाडून वीसेक वर्षे शिकवला आणि दर वर्षी मुलांनी तो पाठ करून उत्तरपत्रिकेत लिहिला. पॉडकास्टमध्ये त्याला दहा सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी इतवारीतल्या एका किराणा दुकानदारांनी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या आवाजात विचारले की 'भाचा' म्हणताना जीभ दाताकडे जाते आणि 'भाची' म्हणताना टाळूकडे, हे कसे काय? हा प्रश्न मला वर्गात एकदाही कोणी विचारला नव्हता. 'ई' हा स्वरच टाळूजवळ उच्चारला जातो, म्हणून तो आधीच्या 'च'लाही आपल्याकडे ओढून घेतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. पण ते उत्तर ऐकण्याआधी त्यांनी नियम स्वतःच्या तोंडात शोधला होता, आणि भाषाविज्ञानाची सुरुवात याहून वेगळी नसते.

मराठीत भाषेवर बोलणारे कमी आहेत असे मुळीच नाही. पण आपल्याकडे भाषेवरचे बोलणे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, शब्दांच्या व्युत्पत्त्या आणि 'माझी मदत कर' म्हणावे की 'मला मदत कर' यावरची भांडणे. शुद्धलेखन मी स्वतः शिकवले आहे आणि त्याची गरज मला मान्य आहे, परंतु ते लिहिण्याचे नियम झाले. 'माझी मदत कर' हे कोणाच्या तोंडी आले, केव्हापासून आले आणि हिंदीच्या शेजाराने मराठी विभक्तीत नेमके काय हलवले, हा भाषाविज्ञानाचा प्रश्न आहे, आणि तो विचारताना कपाळाला आठी घालून चालत नाही. ग्रेचन मॅकलक आणि लॉरेन गॉन या दोन भाषावैज्ञानिक २०१६ पासून 'लिंग्थुझिअ‍ॅझम' नावाचा इंग्रजी पॉडकास्ट करतात. त्यांपैकी गॉन यांनी नेपाळमधल्या योल्मो भाषेवर प्रत्यक्ष काम केले आहे. त्या दोघी कोणाची भाषा सुधारायला बसत नाहीत, एका भागात भाषेतली एक गोष्ट घेतात आणि तिच्यावर मनापासून गप्पा मारतात. आम्ही त्यांच्याकडून उचलले ते एवढेच.

ऑनलाइन माध्यमांचा दुसरा उपयोग अफवा निस्तरण्याचा आहे, आणि तो मला कमी आवडतो, पण टाळता येत नाही. संगणकासाठी संस्कृत हीच सर्वोत्तम भाषा आहे असे 'नासा'ने ठरवल्याचा निरोप माझ्या फोनवर दर काही महिन्यांनी येतो. मूळ गोष्ट अशी की रिक ब्रिग्ज या नासाच्या संशोधकाने १९८५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवरील एका नियतकालिकात एक लेख लिहिला. वाक्याचा अर्थ उलगडून मांडण्याची संस्कृत वैयाकरणांची पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याच्या तेव्हाच्या पद्धती यांतले साम्य त्याने त्यात दाखवले होते. नासाने काही ठरवले नव्हते. हे सांगितल्यावर काही श्रोते रागावले. मला तर त्या परंपरेचा खरा मोठेपणा लेखातच अधिक दिसतो, निरोपात नव्हे.

आता माझी चूक सांगते. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींवरचा आमचा पहिला भाग मी फार मेहनतीने लिहिला होता. 'करून राहिलो' हे बिघडलेले मराठी नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. 'तो जेवून राहिला' असे पुण्यात म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल की जेवला आणि मुक्कामाला थांबला. नागपुरात त्याचा अर्थ तो आत्ता पानावर बसलेला आहे. हिंदीतल्या 'खा रहा है'शी ही रचना जुळते हे उघड आहे. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होते, येथे हिंदी आणि मराठी एकाच बाजारात, एकाच कचेरीत आणि पुष्कळदा एकाच घरात नांदल्या, तेव्हा अशी देवाणघेवाण झाली यात नवल नाही. 'मला'ऐवजी 'मले', 'डोळा'ऐवजी 'डोया', हेही मी नीट समजावले. भाग प्रसिद्ध झाल्यावर माझ्या सासूबाईंनी, ज्या यवतमाळकडच्या आहेत, तो पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "हे तं बातम्यांवानी वाटून राहिलं वं. माह्या बोलीची बातमी सांगून राहिली का तू?"

मला त्याचे उत्तर देता आले नाही. बोलीला मान द्या असे मी अर्धा तास प्रमाण मराठीत सांगत होते, आणि बोली फक्त उदाहरणापुरती, अवतरणचिन्हांत, पाहुणीसारखी येऊन जात होती. वर स्वनिम, रूपिम, मूर्धन्य अशी परिभाषा होतीच. पंडिती संस्कृत बोलणाऱ्या शिष्यांना 'तुमचे अस्मात् कस्मात् मला कळत नाही, चक्रधरांनी मला मऱ्हाटीत सांगितले आहे, तीतच विचारा' अशा अर्थाचे उत्तर चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांनी दिल्याची महानुभाव पंथातली आठवण प्रसिद्ध आहे. त्या पंथाचे रिद्धपूर येथून फार दूर नाही, आणि ही आठवण मी वर्गात कित्येकदा कौतुकाने सांगितली होती. तो भाग आम्ही मागे घेतला. नवा भाग सासूबाईंशी गप्पा मारत केला, त्यात परिभाषेचे शब्द दोनच राहिले आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळ अधिक लोकांनी ऐकला.

येथे एक धोका मात्र आहे. रीलवर वऱ्हाडी बोली सध्या भरपूर ऐकू येते, पण ती बहुधा हसवण्यासाठी. सासूबाईंच्या बोलण्यातला वीस सेकंदांचा एक तुकडा कोणीतरी कापून, मागे विनोदी संगीत लावून फिरवला, आणि त्याखालचे शेरे मी त्यांना दाखवले नाहीत. तेव्हापासून आम्ही ज्याचा आवाज घेतो त्याला आधी सगळा भाग ऐकवतो, आणि तो नको म्हणाला तर काढून टाकतो. यात वेळ जातो आणि कधी कधी चांगला भाग हातचा जातो.

ब्रिटिश काळातले भाषा-अभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतलेली आहे, आणि नागपूरकडची बोलीही त्यात आहे. पण ती कागदावर आहे आणि सांगणाऱ्याचा सूर त्यात नाही. पुढे त्याच सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनवर आवाज नोंदवले गेले, म्हणजे कागद पुरत नाही हे तेव्हाही जाणवले होते. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक असताना आम्ही अजून पाठ्यपुस्तकाच्याच वाटेने जातो, याची मला गंमत वाटते आणि थोडी लाजही.

पुढचा भाग 'आपण' आणि 'आम्ही' यांच्यावर आहे. 'आपण जाऊ' म्हटले की ऐकणारा बरोबर येतो, 'आम्ही जाऊ' म्हटले की तो मागे राहतो. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु' असे दोन शब्द आहेत, गोंडी या द्राविडी भाषेतही असा भेद आहे, आणि मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासाने आला असे अनेक अभ्यासक मानतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख होते. हे शहर ज्या बख्त बुलंद शाहाने वसवले तो गोंड राजा होता, तरी गोंडी म्हणजे मराठीची कुठलीशी बोली, असे सुशिक्षित घरांतही मला ऐकायला मिळते. या भागासाठी गोंडी बोलणाऱ्या एका शिक्षिकेला मी बोलावले आहे. अर्धा भाग गोंडीतच होईल आणि मी मध्ये मध्ये थांबवून भाषांतर करायचे नाही, अशी अट तिने घातली आहे. अट मी मान्य केली आहे, ध्वनिमुद्रण येत्या रविवारी आहे.